नवसागराचा पांढरा धूर

मोबाईलची काच फुटली हे फक्त निमित्त होतं. ती मुलीच्या घराजवळच्या मॉलमध्येही बदलून मिळाली असती, थंडगार दुकानात, सोफ्यावर बसून. पण मी हट्ट धरला, बत्ह्यातच जायचं, रियाधच्या त्या जुन्या बाजारात. मुलगी म्हणाली, "अब्बा, तिथे पार्किंग मिळत नाही, धूळ किती असते, आणि आता तुम्हाला तिथे ओळखणारं आहे तरी कोण?" शेवटचा मुद्दा खरा होता, म्हणून मला राग आला. मक्केला उमरा करून रियाधला तिच्याकडे आठ-पंधरा दिवस राहायला आलेला बाप, रुसला तर करणार काय? तिने धुळीसाठीचा मास्क माझ्या खिशात कोंबला आणि गाडीची किल्ली घेऊन निघाली.

गल्ली मला सापडली ती छोट्या मशिदीमुळे. बाकी काही ओळखीचं उरलं नव्हतं. जिथे तांब्याची भांडी ठोकली जायची, सोफ्यांना कापड लागायचं, स्टोव्ह दुरुस्त व्हायचे, तिथे आता सगळीकडे मोबाईलची कव्हरं टांगलेली. मशिदीपासून तिसऱ्या दुकानात मी शिरलो. मुलगी गाडीजवळ फोनवर बोलत थांबली. दुकानदार बिहारकडचा, चाळिशीचा माणूस. त्याने माझा फोन उघडला, आत बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "चाचा, काच तो काच, अंदर का तार भी हिला हुआ है. टांका लगाना पड़ेगा." त्याने कथलाचा डाग द्यायचं यंत्र तापवलं आणि त्याचं टोक एका पांढऱ्या वडीवर घासलं. चर्र आवाज झाला. पांढऱ्या धुराचा एक गोळा उठला आणि टेबलावरून खाली ओघळला.

माझा हात नाकावर गेला. पाय आपोआप दाराकडे वळले. मी हे ठरवून केलं नाही, शरीराने केलं.

दुकानदार हसला. "डरिए मत, चाचा. नौशादर है, बस नौशादर."

नौशादर म्हणजे नवसागर. हेच शब्द, याच जागी, मी आधी एकदा ऐकले होते. सांगणारा दुसरा होता आणि भाषा दुसरी होती.

*

तेव्हा या जागी सालेमची भट्टी होती. सालेम येमेनी. पोरवयात उंटावरून की ट्रकवरून आला, हे दर वेळी बदलून सांगायचा. त्याच्याबरोबर काम करायचा माझा मामू, आईचा धाकटा भाऊ. मामू रायगडच्या किनाऱ्यावरचा, आमच्याच गावचा. कल्हईचं काम मुंबईत शिकला आणि तेवढंच घेऊन इकडे आला. दोघांमधली भाषा अर्धी अरबी, पाव हिंदी आणि उरलेली शिव्या. पण भांडताना त्यांना मी कधी पाहिलं नाही.

मी एका कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होतो. जुम्म्याच्या सुट्टीला कामगारांच्या कॅम्पातून निघायचो तो थेट भट्टीवर. गल्लीच्या तोंडाशीच वास यायचा. कोळशाचा, तापलेल्या तांब्याचा, आंबवलेल्या चिंचेचा, आणि सगळ्यांच्या वर नवसागराचा, नाकात टोचणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. नवी माणसं खोकत पळायची. आम्हाला तो वास आला की भूक लागायची, कारण त्याच्यामागे मामूचं मासळीचं कालवण असायचं.

रियाधमधल्या लग्नाच्या जेवणाच्या मोठाल्या देगा तिथे यायच्या, माणूस आत उभा राहील एवढ्या. छताला एक दोर बांधलेला होता. सालेम लुंगी खोचून देगेत उतरायचा, पायाखाली वाळू आणि काथ्या घ्यायचा, दोर दोन्ही हातांनी धरायचा आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे फिरायचा. खर्र-खर्र, खर्र-खर्र. फिरता फिरता नाकातून काहीतरी गुणगुणायचा. बाहेरून फक्त त्याची टोपी आणि दाढी दिसायची. मामू म्हणायचा, "बग, आमचा नवरदेव नाचतोय." मग भांडं भट्टीवर चढायचं, नवसागराची चिमूट पडायची, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी फिरायची, आणि कापसाच्या बोळ्याने मामू एका दमात सगळं पोट चांदीचं करून टाकायचा. मी कितीदा पाहिलं असेल, पण त्या क्षणी बोलणं थांबायचंच.

त्यांचे दोन नेम होते. एक सालेमचा. घासून उघडं केलेलं तांबं रात्रभर तसं ठेवायचं नाही. आग लावली की कल्हई पुरी करूनच उठायचं, मग बाहेर काहीही होवो. उघड्या तांब्याला हिरवं चढतं, आणि ते कुणाच्या तरी पोटात जातं. दुसरा नेम मामूचा, गावाकडून आणलेला. नव्या कल्हईच्या भांड्यात पहिलं दूध तापवायचं. नासलं नाही तर काम पास. ते दूध सगळ्यात आधी त्या वेळी दारात जो असेल त्याला द्यायचं, गिऱ्हाईक असो की रस्त्यावरचा. सालेमला हा नेम इतका आवडला की तो आपलाच असल्यासारखा सगळ्यांना सांगायचा. त्या दुधाला कोळशाचा आणि वेलदोड्याचा वास असायचा. मी खूपदा मुद्दाम दारात उभा राहिलो आहे.

सालेमची बायको इथेच वारली होती. इथल्या कब्रस्तानात नाव लिहीत नाहीत, नुसता दगड असतो. दर गुरुवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर सालेम जायचा. त्याला तिचा दगड ठाऊक होता.

*

मग इराकने कुवेत घेतलं, आणि त्या उन्हाळ्यानंतर हवा बदलली.

येमेनी लोकांना तोवर कफील, म्हणजे जामीन राहणारा सौदी मालक, लागत नसे. आमच्यासारखा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात घेऊन त्यांना फिरावं लागत नसे. आपल्या भावाच्या घरी आल्यासारखे यायचे, दुकान टाकायचे. आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पाऊस नसलेल्या त्या पावसाळ्याच्या शेवटी हुकूम आला. येमेनीनेही सौदी कफील शोधायचा, दुकान त्याच्या नावावर नोंदवायचं, नाहीतर मुदतीच्या आत देश सोडायचा. का, ते मोठ्या लोकांना ठाऊक. आमच्यापर्यंत फक्त रंग पोहोचला.

रंग म्हणजे अक्षरशः रंग. नगरपालिकेला, म्हणजे बलदियाला, गल्लीगल्लीतली लहान कारखानदारी तपासून नोंदवायची होती. त्यांना ड्रायव्हर कमी पडले. माझ्या कंत्राटदाराने मला गाडीसकट त्यांना देऊन टाकलं, गाडीबरोबर स्टेपनी देतात तसं. माझ्या शेजारी बसायचे मुफत्तिश, म्हणजे तपासनीस, अबू नासिर. पन्नाशीचे, अत्तराचा भारी शौक, मधुमेह असून खजूर खाणारे. मला थोडी अरबी येते आणि कारागिरांची हिंदी येते, हे कळल्यावर त्यांनी मला गाडीतून उतरवलं आणि हातात रंगाचे दोन फवारे दिले.

काम सोपं होतं. कागद पुरे असलेल्या दुकानाच्या शटरवर हिरवा गोल. कागद नसले तर लाल गोल, आणि कागद येईपर्यंत काम बंद. लाल गोलाच्या आत काम चालू सापडलं तर त्या गोलावर फुली. फुली म्हणजे अर्ज रद्द, चंबूगबाळं आवरा.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो की पुढची शटरं एकामागून एक पडायला लागायची. धडाड, धडाड, धडाड, आवाज आमच्या पुढे पुढे पळायचा. "तफ्तीश, तफ्तीश," कुणीतरी कुजबुजायचं. आम्ही पोहोचायचो तेव्हा सगळी गल्ली झोपलेली. फक्त आतून शिवणयंत्राच्या चाकाचा शेवटचा वळसा ऐकू यायचा. अबू नासिर शटरवर बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "उघड बाबा, मी काही खात नाही." लोक घाबरत होते ते त्यांना नाही. माझ्या हातातल्या डब्याला घाबरत होते. जे सुतार, जे शिंपी मला जुम्म्याला चहा पाजायचे, ते आता माझ्या हाताकडे बघून सलाम करायचे. मला ते फार लागलं. मी कॅम्पात येऊन घासलेटने बोटं धुवायचो, तरी नखांच्या कडा लालच.

हिवाळा येईपर्यंत गल्लीतले लाल गोल वाढत गेले. येमेन्यांचे ट्रक भरू लागले. फ्रीज, गाद्या, पाळणे, पिंजऱ्यासकट कबुतरं, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बायकापोरं. खमीस मुशैतच्या रस्त्याने ती रांग दक्षिणेकडे जायची. ज्या खानावळीत नळाला हात लागत नसे अशी गर्दी, तिथे वेटर खुर्च्यांवर माश्या मारत बसलेले.

सालेमच्या शटरवर मीच लाल गोल मारला. तो बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "नीट मार. वाकडा गोल मारू नकोस, लोक म्हणतील याचा भाचा अडाणी." मामू आत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी रंगाच्या वासावर ढकललं.

पण सालेमला आशा होती. मामूचे कफील कॉफीचे जुने व्यापारी. त्यांच्या चार पिढ्यांचे दल्ले, म्हणजे कॉफीच्या किटल्या, सालेमने चकचकीत ठेवलेले. ते म्हणाले, याचाही कफील मी होईन. अर्ज गेला. अबू नासिर यांनी स्वतः तो वरच्या साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन सालेमला सांगितलं, "होईल. पण ऐक. लाल गोलाच्या आत भट्टी पेटलेली दिसली, तर माझे हात बांधलेले आहेत. थंड बस."

सालेम थंड बसला. थंडी खरोखरच होती. विझलेल्या भट्टीपुढे तो आणि मामू घोंगडी घेऊन रेडिओ ऐकत बसायचे. गुरुवारी तो कब्रस्तानात जायचा तो उशिरा परत यायचा.

*

लढाई सुरू झाली तेव्हा शहराने काचांना पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक खिडकीवर तपकिरी टेपची फुली. मला त्या फुल्या बघवत नसत, शटरवरची फुली आठवायची. रेडिओवर सांगत होते, विषारी वायू येऊ शकतो, एक खोली ठरवा, तिच्या फटी प्लास्टिकने आणि टेपने बंद करा, ओला टॉवेल हाताशी ठेवा. काही कंपन्यांनी मास्क वाटले, पुष्कळांना मिळालेच नाहीत. सायरन वाजायचा, मग दूरवर धप्प, मग काचा थरथरायच्या, मग शांतता, आणि त्या शांततेत सगळेजण हवेचा वास घेत बसायचे. कोबी शिजल्याचा, गटाराचा, कोणताही वास आला की माणसं एकमेकांकडे बघायची. साध्या नाकाची भीती वाटायला लागली होती.

सालेमच्या कारखान्याला मागे एकच खिडकी. भट्टीचा धूर तिथून जायचा. भट्टी बंद, आणि दोघं तिथेच झोपणारे. मामूने त्या खिडकीला प्लास्टिक लावलं, चारी बाजूंनी टेप मारली, फटीत कापूस कोंबला. रेडिओने सांगितलं तसं अगदी. काम इतकं पक्कं केलं की मला दाखवताना म्हणाला, "मच्छर येल तर मना सांग."

मागच्या गल्लीत एक मोठं स्वयंपाकघर होतं. लग्नं बंद पडली होती, पण एका रिकाम्या शाळेत कुवेतहून पळून आलेली कुटुंबं राहत होती आणि त्यांचा भात तिथून जायचा. त्यांच्या मोठ्या देगेची कल्हई उडाली. तिथला आचारी सालेमकडे आला. त्या दिवसांत दुसरा कल्हईवाला त्या भागात उरलाच नव्हता, बाकीचे येमेनी होते आणि गेले होते. आचाऱ्याने देगेचं पोट दाखवलं. तळाशी तांबडं उघडं पडलेलं, कडेला हिरवी झाक.

मामू म्हणाला, "नको, सालेम. चार दिस थांब. कागद येल, मग कर."

सालेम म्हणाला, "चार दिवस पोरं काय जेवतील? हिरवं?"

सायरन बहुधा रात्री वाजायचे, म्हणून दिवसाउजेडी, शटर खाली ठेवून, एक देग, खलास. असं ठरलं. मला हे नंतर मामूने सांगितलं. त्या दुपारी मला काहीही ठाऊक नव्हतं. मी अबू नासिर यांना घेऊन बत्ह्यातच फिरत होतो. लढाई चालू असली तरी वरच्या साहेबाला आठवड्याची तपासणी हवी होती.

मगरिबची नमाज नुकतीच संपली होती. माणसं छोट्या मशिदीतून बाहेर पडून चपला शोधत होती. आकाश अजून तांबूस होतं. देग मोठी, कोळसा दमट, म्हणून आतल्या दोघांना उशीर झाला होता. आम्ही गल्लीत शिरलो, आणि सायरन वाजला.

अबू नासिर यांनी मागच्या सीटवरून दोन मास्क काढले, एक मला दिला. आम्ही अफगाण भटारखान्याच्या दारात उभे राहिलो. मास्कच्या आत रबराचा आणि माझ्याच श्वासाचा वास. बाकीच्यांकडे ओले टॉवेल, डोक्यावरचे ओले गुत्रे, एकाकडे बायकोच्या ओढणीची घडी. सगळे भिंतीला टेकून. कुणीतरी दुवा पुटपुटत होतं. धप्प आवाज आला नाही. आम्ही वाट बघत राहिलो, आणि आवाज येत नाही याचीच जास्त भीती वाटायला लागली.

तेव्हा मला तो दिसला. लाल गोलाच्या शटरखालून, जमिनीला लागून, पांढरा धूर बाहेर येत होता. वर न उठता रस्त्यावर पसरत होता. आतला धूर जायचा कुठून? मागची खिडकी तर मामूने डासही येणार नाही अशी बंद केलेली.

"गॅस," कुणीतरी म्हटलं. हळूच म्हटलं. मग दुसऱ्याने ओरडून म्हटलं, "गॅस आ गया, गॅस!"

गल्ली अरुंद, दोन्ही तोंडांना माणसं. सगळे एकदम धावले आणि मध्येच एकमेकांवर आदळले. एकाने अंगावर पाण्याचा डबा ओतून घेतला. ज्यांच्या नाकात धूर गेला त्यांना तो टोचला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना खात्रीच पटली. म्हातारा शिंपी खाली पडला, त्याच्यावरून दोघं गेले. एक माणूस मास्क घालून बसला होता, त्याने त्याच्या हवा गाळायच्या डब्याचं बूच काढलंच नव्हतं. तो गुदमरून मास्क ओरबाडत होता आणि शेजारचा, मेहेरबानी म्हणून, तो त्याच्या तोंडावर घट्ट दाबून धरत होता. मी त्याचा हात झटकला, बूच ओढून काढलं.

मला एकट्याला कळलं होतं, हा नवसागर आहे. मी ओरडलोही. पण मास्कच्या आतून बोललेलं बाहेर नुसतं घूं-घूं ऐकू येतं. आणि ओरडताना मनात एकच होतं, हे कळलं तर सालेम गेला. तरी ओरडलो. कुणाला समजलं नाही.

मग शटर वर गेलं. आतून. धडाड करून, लाल गोलासकट.

दारात सालेम उभा होता. लुंगी, उघडं अंग, घामाने डबडबलेला, हातात सांडशी. त्याच्या मागे भट्टी लाल, तिच्यावर ती देग आडवी, आणि देगेजवळ कापसाचा बोळा धरलेला मामू. तो पांढरा धूर सालेमच्या पायांमधून वाहत होता.

"ला तखाफून," तो मोठ्याने म्हणाला. घाबरू नका. "हाझा नुशादिर. बस नुशादिर."

कुणी थांबेना. मग त्याने वाकून, धुरात तोंड घालून, छाती भरून श्वास घेतला. सगळ्यांना दिसेल असा. खोकला, डोळे पुसले आणि परत घेतला. "बघा. मी जिवंत आहे. नुशादिर आहे. मी भांडं करतोय."

गल्ली हळूहळू थांबली. शिंप्याला दोघांनी उठवून बसवलं. त्याचं मनगट सुजलं होतं, जीव शाबूत होता. कुणीतरी रडत होतं. दूरवर धोका टळल्याचा लांब सायरन वाजला.

सालेम आणि अबू नासिर एकमेकांसमोर उभे होते. अबू नासिर यांचा मास्क तसाच. त्यांच्या डोळ्यांच्या काचांवर भट्टी दिसत होती, डोळे दिसत नव्हते. गल्लीच्या तोंडाशी नागरी संरक्षणवाल्यांची गाडी येऊन थांबली होती आणि त्यातले लोक उतरत होते. आता कुणाला काही न दिसल्यासारखं करता येणार नव्हतं.

अबू नासिर यांनी हातानेच विचारलं, काय हे?

सालेम म्हणाला, "भांडं उघडं आहे, अबू नासिर. तेवढं पुरं करतो. मग तुमचं काम तुम्ही करा."

अबू नासिर यांनी मागे वळून त्या गाडीवाल्यांना थांबायची खूण केली. सालेम आत गेला. त्याने देग फिरवली, मामूने कांडी लावली, बोळा फिरवला. तांबड्यावर चांदी पसरत गेली. ती सगळी माणसं ओले टॉवेल हातात धरून बघत राहिली. देगेवर पाणी पडलं, वाफ झाली, काम संपलं.

आणि मामूने, मला वाटतं न विचार करता, हाताला सवय होती म्हणून, देग भट्टीवर सरळ ठेवून तळाला दूध ओतलं. पावडरचं दूध. ते तापलं, फुगलं, नासलं नाही. सालेमने पेला भरला आणि दारात जो उभा होता त्याच्यापुढे केला.

अबू नासिर यांनी मास्क काढला. चेहऱ्यावर रबराचे वळ उमटले होते. त्यांनी तो पेला दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानेच सगळा प्यायला. पेला परत दिला, तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. मी रंगाचा लाल डबा काढून स्वतःच शटरकडे जायला लागलो.

"तू राहू दे," ते म्हणाले. डबा त्यांनी माझ्या हातून घेतला. शटर खाली ओढलं आणि गोलावर फुली स्वतः मारली. त्यांना फवाऱ्याची सवय नव्हती. रंग ओघळला, बाहीवर उडाला.

*

सालेम लढाई संपायच्या आधी गेला. ट्रकमध्ये त्याची जागा पुढे होती, ड्रायव्हरशेजारी, म्हातारा म्हणून. त्याने सांडशी बरोबर घेतली. भाता, दोर आणि बाकीचं मामूला ठेवलं. आदल्या गुरुवारी तो मामूला कब्रस्तानात घेऊन गेला होता आणि दगड दाखवला होता. मिठी मारताना मला म्हणाला, "त्या देगेला हिरवं नाही ना आलं?"

"नाही," मी म्हणालो. "त्यात रोज भात होतो."

"खलास," तो म्हणाला आणि चढला.

लढाई संपल्यावर कफिलांचे कागद आले. सालेमसाठी मागितलेले, पण आता त्यावर काम करणारा म्हणून मामूचं नाव. मी लाल गोल आणि त्यावरची फुली खरवडली आणि हिरवा गोल मारला. मामू शेजारी उभा होता. म्हणाला, "नीट मार." एवढंच. मग तोंड फिरवून उभा राहिला.

मामूने त्या भट्टीवर पुढे कितीतरी वर्षं काम केलं. मागची खिडकी त्याने पुन्हा कधी लावली नाही. वाळूचं वादळ आलं, थंडी आली, तरी उघडी. दर गुरुवारी तो अस्रनंतर कब्रस्तानात जायचा. सालेमची खबर कुठून येईल याची वाट बघायचा. खमीस मुशैतहून आलेला एक ट्रकवाला म्हणाला, सीमेपलीकडच्या डोंगरातल्या बाजारात एक म्हातारा भांडी करतो. दुसरा म्हणाला, तो पहिल्याच वर्षी गेला. मामूने पहिल्याचं खरं मानलं. मामू आता आमच्या गावच्या कब्रस्तानात आहे. सालेमच्या बायकोचा तो दगड त्याला ठाऊक होता. मी त्याला कधी विचारून घेतलं नाही.

*

बिहारच्या त्या दुकानदाराने फोन जोडून माझ्यासमोर ठेवला. "हो गया, चाचा. देख लीजिए."

मी फोनकडे पाहिलं नाही. वर पाहिलं. छताला पांढरा रंग, त्यावर ट्यूबलाईट. दोराचा आकडा नव्हता. मागच्या भिंतीला खिडकी होती, तिच्यात एसी बसवलेला. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये नोंदणीचा कागद, शिक्का, सगळं पुरं. मी त्याला विचारलं, इथे आधी काय होतं? तो म्हणाला, चपलांचं दुकान असेल, त्याच्या आधीचं ठाऊक नाही.

मला एकदम लक्षात आलं, त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीने तो धूर नाकात घेतला. सालेमने छाती भरून घेतला. मीच एकटा, ज्याला तो ओळखीचा होता, रबराच्या आत होतो. मला त्याचा वास आलाच नव्हता.

मी म्हणालो, "वो एक बार और करो."

"क्या?"

"नौशादर."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं, खांदे उडवले, आणि यंत्राचं तापलेलं टोक वडीवर घासलं. चर्र. पांढरा गोळा उठला. मी टेबलावर दोन्ही हात टेकले, वाकलो आणि श्वास आत ओढला. घसा टोचला, डोळ्यांतून पाणी आलं, खोकला थांबेना.

मुलगी धावत दारात आली. "अब्बा! काय झालं? कसला धूर आहे हा? मास्क कुठाय तुमचा?"

"खिशात आहे," मी म्हणालो. "राहू दे."